मेलेल्या काळातली बाकं

जूनपासून ऊस नाही,
म्हणजे काम नाही, म्हणजे भात पातळ होत जातो,
भाताची पेज, पेजेचं नुसतं पाणी.
आमच्या नेग्रोस बेटावर या महिन्यांना
मेलेला काळ म्हणतात.

मी कोर्नेलियो, चर्चचा सेवेकरी.
मेणबत्त्या मोजतो, वाळवी झटकतो,
घंटेचा दोर कुजला की बदलतो.
त्या जूनमध्ये फादर सेवेरो म्हणाले,
बाकं फिरव. एकाआड एक. तोंडाला तोंड.
मी म्हटलं, फादर, वेदीकडे पाठ होईल लोकांची.
म्हणाले, अर्ध्यांचीच.
आणि वेदीला त्याची सवय आहे.

संध्याकाळी सातला बायका आल्या,
पोरं कडेवर, हातांवर उसाच्या पात्यांचे जुने ओरखडे.
सिस्टर पुरिफिकासिओननी फळ्यावर लिहिलं:
पगार. कर्ज. सही.
मला वाटलं, आधी देव लिहायला हवा होता.
बोललो नाही.
कोपऱ्यात उभा राहून खडूचे तुकडे मोजले.

पण मला ठाऊक होतं बाकं का फिरली.
आदल्या वर्षी एजंट आला होता पांढऱ्या मोटारसायकलवर,
दारोदार बिस्किटांचे पुडे ठेवत.
परदेशात घरकाम, तीन वर्षं, खाणंपिणं फुकट.
कागद आठ पानी,
अंगठा शेवटच्या पानावर.
नांग ग्लिसेरियाची मारिवेल तशीच गेली.
अंगठा आईचा.
पोरगी सोळाची, कागदावर तेवीस.
निघायच्या दिवशी फादरांनी तिच्या कपाळावर क्रूस काढला,
मी बाटलीत पवित्र पाणी भरून दिलं,
झाकण घट्ट लावलं, सांडू नये म्हणून.

मग रात्री दोनचे फोन सुरू झाले,
मालकीण झोपल्यावरचे, कुजबुजीतले.
आणि एका रविवारी मिस्सामध्ये
प्रवचन अर्ध्यावर सोडून फादर म्हणाले,
"मी आशीर्वाद दिला.
कागद मागितला नाही."
एवढंच.
पुढची प्रार्थना सुरू व्हायला इतका वेळ लागला
की मला वाटलं, त्यांना चक्कर आली.

ऑगस्टमध्ये एजंट परत आला,
ग्लिसेरियाच्या धाकटीसाठी.
ती कागद घेऊन वर्गात आली, बाकावर पसरला,
आणि पहिल्या पानावरच वीज गेली.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
छोट्या मेणबत्त्या संपल्या होत्या, मीच मोजल्या होत्या.
उरली होती पुनरुत्थानाची मोठी,
उंच, जपून ठेवलेली.
ना बाप्तिस्मा, ना अंत्यविधी,
तरी मी ती आणली,
पेटवली, आणि तिच्या बाजूला धरून उभा राहिलो,
मेण मनगटावर ओघळलं तरी.

ती वाचत होती
तांदळातले खडे निवडावेत तशी,
एकेक अक्षर बाजूला करत.
चौथ्या पानावर बोट थांबलं.
पासपोर्ट मालकाच्या
ता, ब्या, त
राहील.
तिनं ते पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा, न अडखळता.
"हे मारिवेलच्या कागदातही होतं का?"
सिस्टर फळा पुसू लागल्या, जो कोराच होता.
फादर दारात उभे होते, आत आले नाहीत.

धाकटी गेली नाही.
एजंट आता नदीपलीकडच्या गावात फिरतो,
तिथे चर्च आहे, वर्ग नाही.
बिशप येणार म्हणून बाकं मी पुन्हा सरळ केली;
फरशीवर ओढल्याचे ओरखडे राहिलेत,
घासले तरी जात नाहीत.
खरं सांगायचं तर मी फार घासले नाहीत.

परवा रात्री मी आणि फादर ग्लिसेरियाकडे बसलो होतो.
दोनला फोन वाजला.
ती रडली नाही, तब्येत विचारली नाही,
वही उघडली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.
"घराच्या दारावर काय लिहिलंय?
रस्त्याच्या पाटीवर?
एकेक अक्षर सांग, बाळ.
हळू.
मी लिहितेय."